न दिलेल्या एकवीस पत्रांबाबत

दिनांक : १९ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. लोकपाल,
बालसेवा तक्रार निवारण कार्यालय (उत्तर विभाग),
क्रॉफ्ट हाउस, एल्डनबरो.

अर्जदार : कु. जोडी टॅलंटायर, वय २४, नोकरी बेकरीत (पॅकिंग विभाग), राहणार १७, किल्न स्ट्रीट, हार्ट्सवेल.

विषय : हार्ट्सवेल कौन्सिलच्या बालसेवा विभागाविरुद्धची तक्रार पाच दिवस उशिरा आली, या कारणाने ती न ऐकण्याच्या निर्णयाचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे पत्र क्र. उवि/बासे/३३०८, दि. २६ जानेवारी २०२६, आणि त्याआधीची दोन्ही कार्यालयांची मिळून अकरा पत्रे, ज्यांचे क्रमांक लिहायला घेतले तर हे पान त्यातच संपेल.

महोदय,

१. अर्जदाराच्या मागील अर्जावर आपले चौकशी अधिकारी श्री. पेनहॅलो यांनी "मजकूर फार वैयक्तिक आहे" असा शेरा मारला होता. त्या अर्जात "मी" हा शब्द एकेचाळीस वेळा आला होता, हे अर्जदाराने नंतर मोजून पाहिले. कुणाचे बोलणे जसेच्या तसे दिले आहे ते सोडल्यास या अर्जात तो येणार नाही. जे घडले ते "अर्जदाराच्या" बाबतीत घडले असेच सर्वत्र लिहिले आहे, म्हणजे वाचणाऱ्या अधिकाऱ्यास त्रास होणार नाही.

२. अर्जदार आणि तिचा भाऊ कोरी यांना ऑक्टोबर २०१२ मध्ये कौन्सिलने ताब्यात घेतले. अर्जदार तेव्हा अकरा वर्षांची होती, कोरी साडेचार. त्यांची आई त्यांना सांभाळण्याच्या अवस्थेत नव्हती, आणि त्याबद्दल अर्जदाराची कोणतीही तक्रार नाही. ते लेखी द्यावयाचे असल्यास तेही देण्यास ती तयार आहे. दोघांना सुरुवातीला एकाच प्रतिपालक कुटुंबात ठेवले. २०१४ च्या उन्हाळ्यात कोरीला दत्तक घेणारे कुटुंब मिळाले. त्यांना एकच मूल हवे होते आणि तेही लहान. तेरा वर्षांची मुलगी कुणी मागितली नव्हती. याबद्दलही तक्रार नाही.

३. कोर्टाने दत्तकाचा हुकूम देताना असे लिहिले की भावाबहिणीने वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरमध्ये, एकमेकांना पत्रे पाठवावीत आणि ती कौन्सिलच्या पत्रपेटी विभागामार्फत जावीत, जेणेकरून कुणाचा पत्ता कुणाला कळू नये. शेवटची भेट कौन्सिलच्या भेटगृहात झाली. प्लास्टिकच्या छोट्या खुर्च्या होत्या. कोरी जॅम लावलेले पावाचे तुकडे खात होता. त्याने विचारले, "तू शनिवारी येशील?" अर्जदाराने सोबतच्या सोशल वर्कर बाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "सांग त्याला, पत्र लिहीन म्हणून." अर्जदाराने तसे सांगितले. कोरी म्हणाला, "मला वाचता येत नाही." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तोवर येईल रे." त्यानंतर दोघांचा एक फोटो काढण्यात आला. तो फोटो कौन्सिलकडे आहे.

४. अर्जदाराने डिसेंबर २०१४ पासून जून २०२१ पर्यंत चौदा पत्रे लिहिली. एकही जून, एकही डिसेंबर चुकवला नाही. प्रत्येक पत्र भेटीस येणाऱ्या सोशल वर्करच्या हाती दिले. त्या सहा वर्षांत असे पाच सोशल वर्कर बदलले. कौन्सिलने पत्रे कशी लिहावीत याचे एक माहितीपत्रक दिले होते. त्यात आडनाव लिहू नये, गावाचे नाव लिहू नये, शाळेचे नाव लिहू नये असे होतेच. शिवाय "तुझी आठवण येते" असे लिहू नये, त्याने मुलाच्या मनावर ओझे येते, असेही होते. महोदय, अर्जदाराने चौदा पत्रांत एकदाही "तुझी आठवण येते" असे लिहिलेले नाही. तिने शेजारच्या कुत्र्याबद्दल लिहिले. दात पडल्याबद्दल आणि दात बसवल्याबद्दल लिहिले. समुद्रावर बर्फ पडतो तेव्हा तो दिसेनासा होतो, असे एका डिसेंबरात लिहिले. तेरा वर्षांच्या मुलीने नियम वाचला आणि वीस वर्षांची होईपर्यंत पाळला. कौन्सिलने कोणता नियम किती दिवस पाळला, हे पुढे येत आहे.

५. एकाही पत्राला उत्तर आले नाही. अर्जदार त्या काळात श्रीमती ॲग्नेस ब्रॉकबँक यांच्या घरी वाढत होती. या बाईंनी तिला डिसेंबर २०१४ पासून अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळले, आणि आजही रविवारचे जेवण तिथेच असते. दर जानेवारीत आणि दर जुलैत अर्जदार दारातली पत्रे आधी उचलायला धावायची, हे त्यांनी पाहिले आहे. त्या म्हणायच्या, "इतकी पत्रं हरवत नाहीत गं पोरी. आपलं पोस्ट खातं तेवढं वाईट नाही. कुणीतरी बसलंय त्यांच्यावर." अर्जदाराला ते पटत नसे. तिचा समज असा झाला की नव्या आईवडिलांना ती नको आहे, आणि पुढे पुढे असा की कोरीलाच ती नको आहे. २०२१ मध्ये तिने विभागास फोन करून विचारले, तेव्हा पलीकडच्या व्यक्तीने सांगितले, "काही मुलं पुढे निघून जातात हो. मनाला लावून घेऊ नका." त्यानंतर तिने लिहिणे थांबवले. त्या फोनची नोंद कौन्सिलकडे नाही. अर्जदाराकडे आहे, कारण तो फोन तिने बेकरीच्या पिठाच्या खोलीत उभे राहून केला होता आणि सुपरवायझरने तिला पुढचे दोन तास घरी पाठवले होते.

६. सप्टेंबर २०२३ मध्ये अर्जदाराने आपली बालपणीची फाइल मागितली. ती चौदा महिन्यांनी, दिनांक ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मिळाली. चारशे बारा पाने, त्यांतील निम्म्या ओळी काळ्या केलेल्या. फाइल श्रीमती ब्रॉकबँक यांच्या स्वयंपाकघरातील टेबलावर वाचण्यात आली. पान २८८ पासून पुढे अर्जदाराच्या स्वतःच्या चौदा पत्रांच्या झेरॉक्स प्रती होत्या. त्यांच्या वर एक चिठ्ठी होती, तीही जशीच्या तशी झेरॉक्स केलेली : "मजकूर तपासून पुढे पाठवणे. तपासनीसाचे पद रिक्त. पद भरेपर्यंत थांबवणे." पद भरले गेले नाही. चौदा पत्रे थांबली.

त्यांच्या मागे आणखी सात पत्रे होती. ती अर्जदाराने लिहिलेली नव्हती. ती अर्जदाराला लिहिलेली होती.

७. ती कोरीच्या दत्तक आईची होती. सहीच्या जागी फक्त "हिलरी" असे आहे. डिसेंबर २०१४ ते डिसेंबर २०१७, दर सहा महिन्यांनी एक. पहिल्या पत्रात लिहिले होते की तो रात्री दिवा लावून झोपतो आणि तुझे नाव घेतो, तर तू झोपवताना त्याला काय सांगायचीस ते कळव, म्हणजे आम्हीही तेच सांगू. महोदय, या प्रश्नाचे उत्तर अर्जदाराला ठाऊक होते. तो तिच्यापर्यंत पोचलाच नाही. शेवटच्या, सातव्या पत्रात असे आहे : "जोडी, तू लिहीत नाहीस त्याला काही कारण असणार. तुझ्यावर दडपण नको म्हणून आम्ही आता थांबतो. तुझं पत्र कधीही आलं तरी या घरात ते उघडलं जाईल." या सात पत्रांवर चिठ्ठी अशी होती : "जोडीचा सध्याचा पत्ता निश्चित झाल्यावर देणे."

पत्ता निश्चित नव्हता. ज्या कौन्सिलने अर्जदाराला दिनांक ९ डिसेंबर २०१४ रोजी, स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या माणसाबरोबर श्रीमती ब्रॉकबँक यांच्या दारात नेऊन उतरवले, ज्या कौन्सिलचा माणूस दर सहा आठवड्यांनी त्याच घरी येऊन चहा पीत असे आणि दोनदा खालच्या मजल्यावरचे बाथरूम वापरून गेला, त्याच कौन्सिलला अर्जदार कुठे राहते हे तीन वर्षे ठाऊक नव्हते.

श्रीमती ब्रॉकबँक यांनी ती पाने वाचली आणि त्या उठून भांडी घासू लागल्या. भांडी आधीच घासलेली होती.

८. यानंतर जे झाले ते आपल्या दोन्ही कार्यालयांच्या दप्तरी आहे, तरी ते एका ठिकाणी कुणी लिहिलेले नाही, म्हणून येथे सादर. अर्जदाराने एकोणिसाव्या दिवशी, २५ नोव्हेंबर २०२४ रोजी, कौन्सिलकडे तक्रार केली. कौन्सिलचे तक्रार अधिकारी श्री. डेंटन यांनी जानेवारीत उत्तर दिले की तक्रार घटनेपासून बारा महिन्यांत यायला हवी होती, शेवटची घटना जून २०२१ ची आहे, सबब तक्रार दाखल करून घेता येत नाही. अर्जदाराने फोनवर विचारले, "मला न दिलेलं पत्र मला दिलं नाही, हे मला बारा महिन्यांत कसं कळायला हवं होतं?" श्री. डेंटन म्हणाले, "तुमचा मुद्दा मी समजू शकतो." अर्जदाराने विचारले, "मग?" ते म्हणाले, "समजू शकतो, एवढंच."

फेब्रुवारी २०२५ मध्ये अर्जदार आपल्याकडे आली. आपल्या कार्यालयाने कळवले की आधी कौन्सिलकडील तक्रारीच्या तिन्ही पायऱ्या पूर्ण कराव्यात. अर्जदार परत कौन्सिलकडे गेली. कौन्सिलने कळवले की पहिलीच पायरी नाकारली असल्याने दुसरी व तिसरी लागू होत नाहीत. ते पत्र घेऊन अर्जदार पुन्हा आपल्याकडे आली. आपल्या कार्यालयाने कौन्सिलला विचारणा केली. कौन्सिलने जूनमध्ये उत्तर दिले की प्रकरण लोकपालांकडे असल्याने आता कौन्सिलला त्यावर काही म्हणता येत नाही. हे उत्तर आपल्या कार्यालयाने अर्जदारास "माहितीसाठी" पाठवले. सप्टेंबर गेला. ऑक्टोबर गेला. ११ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या कार्यालयाने मान्य केले की कौन्सिलने खरोखरच नकार दिला आहे आणि आता तक्रार "रीतसर प्राप्त" झाली.

आणि २६ जानेवारीच्या निर्णयात असे लिहिले की अर्जदाराला ही गोष्ट ६ नोव्हेंबर २०२४ रोजी कळली, तेथून बारा महिने ६ नोव्हेंबर २०२५ रोजी संपले, तक्रार ११ नोव्हेंबरला प्राप्त झाली, सबब पाच दिवस उशीर.

महोदय, ते बारा महिने अर्जदाराने घालवलेले नाहीत. ते आपण आणि कौन्सिलने एकमेकांकडे बोट दाखवण्यात घालवले, आणि दोन्ही बोटांच्या मध्ये अर्जदार कामावरून सुटून, पिठाचे हात घेऊन, बसने येत-जात होती. उशीर आपला आहे. तो अर्जदाराच्या नावावर लिहू नये.

९. निर्णयात आणखी तीन कारणे दिली आहेत. उशिराचे कारण पुरेसे असताना ती का दिली हे अर्जदारास कळले नाही. बहुधा एक पडले तर दुसरे उभे राहावे, म्हणून.

पहिले असे की भावाबहिणीच्या संपर्काबाबत कोर्टाने निर्णय दिलेला आहे आणि कोर्टात गेलेल्या बाबींत लोकपालांना पडता येत नाही. कोर्टाने काय निर्णय दिला होता? पत्रे द्यावीत असा. अर्जदार कोर्टाच्या हुकुमाविरुद्ध बोलत नाही. या सगळ्या प्रकरणात तो हुकूम पाळणारी ती एकटीच आहे.

दुसरे असे की यात काही अन्याय झाला असल्यास तो दत्तक मुलावर झाला, आणि त्याच्या वतीने तक्रार करण्यास अर्जदारास "पुरेसा संबंध" नाही. यावर ४ फेब्रुवारी रोजी श्री. पेनहॅलो यांच्याशी फोनवर बोलणे झाले. ते आवाजावरून वाईट गृहस्थ वाटले नाहीत. ते म्हणाले, "हे बघा मिस टॅलंटायर, दत्तक दिल्यावर कायद्याने तो तुमचा भाऊ राहत नाही. मला सांगायला बरं वाटत नाही, पण तसं आहे."

अर्जदाराने विचारले, "मग चौदा पत्रं मी कुणाला लिहिली?"

ते म्हणाले, "तो भावनेचा भाग झाला."

अर्जदार म्हणाली, "कोर्टाच्या कागदावर 'भावास' असं लिहिलंय. भावनेस असं नाही लिहिलेलं."

त्यावर श्री. पेनहॅलो म्हणाले की फेरविचाराचा अर्ज महिन्याच्या आत करता येतो, आणि या वेळी तरी मुदत चुकवू नका. हा अर्ज त्या मुदतीत आहे. पोचपावतीवर आजची तारीख घालून द्यावी, ही विनंती. परवाची नको.

तिसरे कारण असे की झालेले नुकसान "क्षुल्लक स्वरूपाचे" आहे, कारण अर्जदाराचे शिक्षण, आरोग्य किंवा निवारा यांवर परिणाम झाल्याचे दिसत नाही. या शब्दावर अर्जदार शेवटी येईल.

१०. आता एक नवी घटना कळवायची आहे. ती निर्णयाच्या आधीची आहे, पण अर्जदाराने ती तेव्हा कळवली नाही, कारण एका व्यक्तीची नोकरी जाऊ नये अशी तिची इच्छा होती.

१५ जानेवारी रोजी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. एक बाई बोलत होत्या. त्या पत्रपेटी विभागात नव्यानेच लागल्या होत्या. त्यांचे नाव अर्जदार येथे देणार नाही, आणि विचारल्यास पुढेही देणार नाही. त्या म्हणाल्या, "जोडी टॅलंटायर का? अगं, माझ्या टेबलामागे एक कपाट आहे. त्यात तुझी चौदा पत्रं आहेत. झेरॉक्स नाही, खरी. आणि तुला आलेली सात. पाठवू?"

अर्जदाराने विचारले, "परवानगी लागेल ना?"

"कुणाची? या टेबलाचं कामच ते आहे. तपासायची आणि पाठवायची. मी काल बसून तपासली. कुत्र्याचं नाव सोडून खोडण्यासारखं काही नव्हतं, आणि तेही मी खोडलं नाही."

बाईंनी चौदा पत्रे कोरीच्या घरी आणि सात पत्रे किल्न स्ट्रीटवर त्याच दिवशी टपालात टाकली. महोदय, त्यांनी नियम मोडला असे कुणी म्हणेल. त्यांनी नियम पाळला. अकरा वर्षांत त्या टेबलावर बसून तो पाळणाऱ्या त्या पहिल्याच.

फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "तुझी एकटीची नाहीत गं. मी खालचा कप्पा उघडला तर पिशव्याच्या पिशव्या पायावर आल्या. नावं वाचली नाहीत मी. वाचवली नाहीत." मग त्या म्हणाल्या की ३१ मार्चला हे ऑफिस दुसऱ्या इमारतीत जाणार आहे, आणि सहा वर्षांपेक्षा जुने, न गेलेले टपाल कापण्याच्या यंत्रात घालण्याचा हुकूम आलेला आहे.

११. अर्जदाराने ही कपाटाची गोष्ट ४ फेब्रुवारीच्या त्याच फोनवर श्री. पेनहॅलो यांना सांगितली. त्यांचे उत्तर असे की दुसऱ्यांच्या वतीने तक्रार करायची असल्यास त्या प्रत्येकाची लेखी संमती जोडावी लागते.

अर्जदाराला ते कोण आहेत हे माहीत नाही. आपल्याला माहीत नाही. त्यांना स्वतःलाही माहीत नाही. त्यांतला कुणीतरी आज हार्ट्सवेलमध्येच गाडी चालवत असेल किंवा दुकानात उभा असेल आणि त्याला वाटत असेल की आपल्या बहिणीने आपल्याला सोडून दिले. त्याचे बारा महिने कधी सुरू होणार? त्याला कळेल तेव्हा. आणि १ एप्रिलपासून त्याला कळण्याची सोयच उरणार नाही, कारण कळण्याजोगे जे होते त्याच्या पट्ट्या झालेल्या असतील. मग आपल्या कार्यालयाकडे तक्रार येणार नाही. तक्रार आली नाही म्हणजे अन्याय झाला नाही, असे आपल्या वार्षिक अहवालात छापले जाईल. अर्जदाराने गेल्या वर्षीचा अहवाल वाचला आहे. त्यात हार्ट्सवेल कौन्सिलच्या बालसेवेविरुद्ध मान्य झालेल्या तक्रारी : शून्य. त्या शून्यात अर्जदार आहे. त्या शून्यात एक कपाट आहे.

हे लिहिताना अर्जदारास राग आलेला आहे. तो लपवण्याचा प्रयत्न केलेला नाही, कारण तो या प्रकरणातील पुराव्याचाच भाग आहे.

१२. आता "क्षुल्लक" या शब्दाबद्दल. कोरीचे उत्तर १२ फेब्रुवारी रोजी विभागामार्फत आले. तो आता सतरा वर्षांचा आहे. पत्र लहान आहे, म्हणून संपूर्ण देत आहे :

"हॅलो जोडी. आईने मला तुझी पत्रं दिली. एकदम नाही वाचली, रोज दोन वाचली. सॉरी, पण मला तू आठवत नाहीस. म्हणजे कुणीतरी खाली बसून माझ्या बुटाच्या नाड्या बांधायचं आणि बांधताना शिट्टी वाजवायचं, एवढं आठवतं. मला इतके दिवस वाटायचं ती नर्सरीतली बाई होती. आई म्हणते ती तूच असणार. तू शिट्टी वाजवतेस का? लहानपणी मी विचारायचो की ती का लिहीत नाही. आई म्हणायची बिझी असेल. मग मी विचारणं सोडलं. मला आत्ता भेटायला जमेलसं वाटत नाही. परीक्षा आहेत. पण खरं कारण ते नाही. खरं कारण मला नीट सांगता येत नाही. तू लिहिलंस तर मी वाचीन. आईने सांगितलंय की तिला खूप वाईट वाटतंय आणि तू तिच्यावर रागावू नकोस."

अर्जदार शिट्टी वाजवते. बेकरीत वाजवते म्हणून तिला दोनदा समज मिळाली आहे.

महोदय, कोरीला सहा वर्षांचा होईपर्यंत बहीण होती. सतराव्या वर्षी ती नर्सरीतली बाई झाली. हे आपोआप घडलेले नाही. एक चिठ्ठी, एक रिकामे पद आणि एक पत्ता, जो सगळ्यांना ठाऊक होता, यांनी मिळून हे केले. हिलरी बाईंनी अकरा वर्षे एका मुलाशी खोटे बोलल्याचा अपराध स्वतःच्या डोक्यावर घेतला आहे, आणि त्यांनी काहीच केलेले नाही. अर्जदाराचे शिक्षण, आरोग्य आणि निवारा ठीक आहेत. तिच्या भावाला ती आठवत नाही, एवढेच. हे आपल्या तक्त्यातल्या कोणत्या रकान्यात बसते, ते आपण ठरवावे. मात्र क्षुल्लक म्हणायचे असेल तर ते श्री. पेनहॅलो यांच्याकडून लिहवून घेऊ नये. स्वतःच्या हाताने लिहावे आणि खाली आपली सही करावी. माझं

(वरील शब्द चुकून लिहिला गेला. खोडत नाही.)

१३. सबब विनंती अशी की, पाच दिवसांचा उशीर अर्जदाराच्या माथी न मारता तक्रार दाखल करून घ्यावी. ३१ मार्चपूर्वी ते कपाट सील करावे आणि त्यातील प्रत्येक पत्र ज्याच्या नावाचे आहे त्याला शोधून द्यावे, संमती नंतर विचारावी. हिलरी बाईंना कौन्सिलने लेखी कळवावे की त्यांची सातही पत्रे दडपली गेली आणि अर्जदाराने कधीही गप्प राहण्याचे ठरवले नव्हते. भरपाईच्या अर्जाचा नमुना आपण निर्णयासोबत पाठवला होता, तो कोराच परत करत आहे. आणि ज्या बाईंनी फोन केला त्यांच्याविरुद्ध कौन्सिलने काही कारवाई केल्यास अर्जदार त्याचीही तक्रार करील, दुसऱ्याच दिवशी, म्हणजे मुदतीचा प्रश्न येणार नाही.

कपाटाबाबत १६ मार्चपर्यंत उत्तर न आल्यास अर्जदार आणि श्रीमती ब्रॉकबँक ३१ तारखेला सकाळी नऊपासून पत्रपेटी विभागाच्या दारात उभ्या असतील. श्रीमती ब्रॉकबँक यांचे वय बाहत्तर असून त्यांचा गुडघा दुखतो, म्हणून त्या घडीची खुर्ची आणणार आहेत. बेकरीत रजेचा अर्ज दिला आहे. तो पहिल्याच पायरीवर मंजूर झाला.

नियमानुसार नम्र, आणि यापुढेही पत्ता न बदलणारी,

(सही)
जोडी टॅलंटायर
१७, किल्न स्ट्रीट, हार्ट्सवेल

सोबत :
(१) फाइलमधील पाने २८८ ते ३३१ च्या प्रती, दोन्ही चिठ्ठ्यांसह.
(२) कोर्टाच्या २०१४ च्या हुकुमाची प्रत. "भावास" हा शब्द पेन्सिलीने अधोरेखित केला आहे.
(३) भरपाईच्या अर्जाचा कोरा नमुना.
(४) कोरीच्या दि. १२ फेब्रुवारी रोजी मिळालेल्या पत्राची झेरॉक्स प्रत. मूळ पत्र पडताळणीसाठी मागू नये. ते कोणत्याही कार्यालयात जमा केले जाणार नाही.